कमलाबाईच्या भिंतीवरचा साहेब

राग शांत झाला की मग लिही, असं दिलीपने बजावलं होतं. दिलीप म्हणजे माझा नवरा. मी थांबले. दिवाळीनंतर केलेला हा प्रवास, आता संक्रांतीचे तीळ भाजून झाले तरी राग जागेवरच आहे. तेव्हा तो तसाच घेऊन लिहायला बसले आहे. ज्यांना फक्त रस्ता, एसटी आणि जेवणाची माहिती हवी आहे त्यांना ती मिळेल. पण मधेमधे माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

सुरुवात अगदी साधी होती. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, सातपुडा बघायचा होता. त्यांचं सासर आणि माहेर दोन्ही बुलढाणा जिल्ह्यातलं, वरवट बकालच्या आसपासचं. सासऱ्यांना नाशिकला नोकरी लागली आणि बिऱ्हाड इकडे आलं. आता तिकडे ना घर उरलंय, ना उतरायला कुणी जवळचं माणूस. आई कधी काही मागत नाहीत. एके दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "माधवी, मले एकदा तो पहाड पाह्याचा हाये वो. आमच्या वावरातून दिसे."

मी त्याच संध्याकाळी इंटरनेटवर राहायची जागा शोधायला बसले. पायथ्याच्या गावांत लॉजसुद्धा क्वचित. आणि अचानक समोर आला एक 'शिकारबंगला'. लाल विटांची दुमजली इमारत, पुढे कमानींचा व्हरांडा, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या. 'शंभर वर्षांहून जुना, इंग्रज साहेबाने वाघाच्या शिकारीसाठी बांधलेला, मूळ रूपात जतन केलेला.' भाडं एखाद्या चांगल्या शहरी हॉटेलाच्या तोडीचं. जुन्या इमारती दिसल्या की माझं भान सुटतं, हे हा ब्लॉग वाचणाऱ्यांना सांगायला नको. मी खोली घेऊन टाकली.

आईंना गावाचं नाव सांगितलं तर त्यांचा चेहरा फुलला. "अवो, तिथीच तं दिलीप झाला. कमलाबाईच्या दवाखान्यात." मग थोडं थांबून, "पन शिकारबंगला? तिथी कुठी होता शिकारबंगला?" मी फोटो दाखवला. चष्मा वर-खाली करून त्यांनी पाहिलं. "असंन बा. आमी कुठी हिंडलो तवा."

गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या बायका येणार आहेत त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

पहाटेच्या गाडीने नाशिक सोडलं की दुपारपर्यंत शेगाव येतं. स्टेशनवरची कचोरी गरम असेल तरच घ्या, आणि तिच्यासोबत तळलेली मिरची मागून घ्या. तिथून वरवट बकालची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आमची बस जवळजवळ माहेरवाशिणींचीच होती. रस्ता पूर्णा नदी ओलांडतो. सोबत पाणी भरपूर ठेवा, कारण पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे आणि तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दोन्हीकडे काळी सपाट जमीन, वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर. आई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. वरवट जवळ आलं तशी उत्तरेला निळसर रेघ उमटली आणि बघता बघता तिचे डोंगर झाले.

"थो पाह्य," आई म्हणाल्या. इतकी वर्षं मी या बाईसोबत एका घरात राहते आहे, पण तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

वरवटला रिक्षा केली. पायथ्याकडे सरकलं की पाणी गोडं होतं, आणि ते सांगायला कुणी लागत नाही. केळी आणि संत्र्याच्या बागाच सुरू होतात, मधूनमधून वांगी-मिरचीचे, मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, हिरवे तुकडे. ही माळी कुटुंबांची शेती, आईंच्या शब्दांत 'भाजीपाल्याची वाडी'. गाव आलं. बाजाराच्या चौकातून रिक्षा डावीकडे वळली आणि आई ताठ बसल्या.

"इथून कुठी चाल्लास बाबू? हा तं दवाखान्याचा रस्ता व्हय."

"हाव ना काकू," रिक्षावाला म्हणाला. "तिथीच तं हाये तुमचं हॉटेल."

फाटकाशी रिक्षा थांबली. आई खाली उतरल्या, पदर सावरला, आणि समोरच्या घराकडे पाहत उभ्या राहिल्या. मी सामान उतरवत होते. मागून त्यांचा आवाज आला, हळू, पण असा की माझ्या हातातली बॅग तशीच राहिली.

"माधवी. हा कमलाबाईचा दवाखाना व्हय."

फाटकावर खाकी कपडे आणि गोल टोपी घातलेला दरवान होता. त्याने आम्हाला सलाम ठोकला. आत व्हरांड्यात प्लास्टिकचं वाघाचं मुंडकं, दोन खोट्या बंदुका आणि भिंतीवर मोठ्या लाकडी चौकटीत एक इंग्रज साहेब, पायाशी मेलेला वाघ. बाजूला पितळी रंगाचा फलक. त्यावर मराठी आणि इंग्रजीत, साहेब कसा घोड्यावरून आला, वाघाने माणसं मारली होती, साहेबाने गावाला वाचवलं, आणि कृतज्ञ गावकऱ्यांनी त्याला हा बंगला बांधून दिला. विटा म्हणे कलकत्त्याहून मागवल्या होत्या.

व्यवस्थापक मुलगा तिशीतला, समीर नावाचा, नम्र. हातात सरबताचे पेले घेऊन आला. "वेलकम मॅडम. काकू, प्रवास कसा झाला?"

आईंनी पेला घेतला नाही. त्या सरळ भिंतीशी गेल्या आणि विटेवरून बोट फिरवलं. मग बोटाकडे पाहिलं. मीही जवळ गेले, आणि तिथे मला पहिल्यांदा राग आला. विटांवर रंग होता. खऱ्या विटांच्या भिंतीवर जाड लाल ऑइलपेंट, आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी विटा काढल्या होत्या. पाहुण्यांच्या फोटोत उठून दिसाव्यात अशा एकसारख्या, सरळ, एका मापाच्या. त्या रेघा खालच्या खऱ्या सांध्यांवरही पडत नव्हत्या. 'मूळ रूपात जतन' म्हणजे हे!

"या इटा अशा नोत्या," आई म्हणाल्या. "कोनती काळी, कोनती पिवळी, कोनती भाजून फुटेल. येगयेगळ्या भट्ट्यायच्या होत्या ना. बायायनं आनेल."

"कोणी आणलेल्या?" समीरने विचारलं.

"बायायनं. ज्या इथी बायंत झाल्या त्यायनं."

मग व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून आईंनी सांगितलं. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. घरात याआधी कधी विषयच निघाला नव्हता, आणि आपण सुना कधी विचारतो?

कमलाबाई याच गावच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. लहान वयात लग्न, लहान वयातच नवरा गेला. भावाने तिला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही, शिकायला पाठवलं. ती नर्स होऊन परत आली तेव्हा या पट्ट्यात बाळंतीण अडली की लोक तिला बैलगाडीत घालून खामगावला न्यायचे, आणि पूर्णेला पाणी असलं की नेताच यायचं नाही. भावाने वाडीचा एक तुकडा तिला दिला. तिथे तिने एक खोली बांधली. पैसे घ्यायची नाही. ज्या घरची बाई सुखरूप सुटेल त्या घराने पुढच्या बाईसाठी विटा आणून द्यायच्या, जितक्या जमतील तितक्या. त्यातून दुसरी खोली झाली, मग व्हरांडा, मग वरचा मजला, ज्यात लांबून आलेल्या पोटुश्या बायका आधीपासून येऊन राहायच्या.

"आमच्या घरचे गाडीभर इटा घेऊन आल्ते," आई म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं सोता उतरवल्या."

समीर ऐकत उभा होता. सरबताचे पेले त्याच्या हातात तसेच. शेवटी म्हणाला, "मला जे सांगितलंय ते मी पाहुण्यांना सांगतो, मॅडम. मी नांदुऱ्याचा आहे. मला यातलं काही माहीत नव्हतं."

आमची खोली तळमजल्यावर होती. दारावर इंग्रजी अक्षरांत 'हंटर्स सूट'. आत पलंगावर बिबट्याच्या कातड्याच्या छापाची चादर. आई दारातच थांबल्या. खिडकी पाहिली, छत पाहिलं. "दिलीप याच खोलीत झाला," म्हणाल्या. "इथी खाट होती. त्या खिडकीतून पहाड दिसे. कमलाबाई म्हने, पहाडाकडे पाह्य आन दम धर."

आता त्या खिडकीला एसीचं यंत्र बसवलं आहे. पहाड दिसत नाही.

संध्याकाळी जेवायला 'शिकारी थाळी' होती. पनीर, वर सुक्या पानांची सजावट. भाकर मागितली तर आगाऊ सांगावं लागतं म्हणाले. ज्वारीच्या प्रदेशात, ज्वारीच्या दिवसांत! आईंनी दहीभात खाल्ला आणि त्या बिबट्याच्या चादरीवर पाठ फिरवून झोपल्या. मी उताणी पडून छताकडे बघत राहिले. खरं सांगते, मला स्वतःचाही राग येत होता. साहेब, वाघ, शिकार वाचून मीच तर भुलले होते. हे असलं खोटं तयार होतं, कारण माझ्यासारखी गिऱ्हाइकं ते विकत घेतात. एका माळणीने बांधलेलं बाळंतघर असं लिहिलं असतं तर मी तेवढं भाडं भरलं असतं का? मला वाटतं, भरलं असतं. पण मालकाला तसं वाटलं नाही, आणि तो माणसं ओळखण्याचाच धंदा करतो.

सकाळी आईंनी चहासुद्धा घेतला नाही. "चाल. शांता असंन इथी कुठी तरी."

शांताबाई ही कमलाबाईंच्या त्याच भावाची मुलगी. दिलीपच्या जन्माच्या वेळी आत्याच्या हाताखाली पाणी तापवणारी, पुढे तिच्यासोबत दवाखाना चालवणारी. आम्हाला त्या बाजारात सापडल्या, वांगी आणि ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन बसलेल्या. वय सत्तरीच्या पुढचं, अंगाने काटक, आवाज खणखणीत. आईंनी नाव-गाव सांगितलं तर त्या क्षणभर बघत राहिल्या. मग एकदम, "सुमन? दिलीपची माय? अवो, तुहं पोरगं तं रडेच ना! आत्यानं उलटं धरलं, तवा रडलं." आणि दोघी भरबाजारात एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागल्या.

हसू थांबलं ते आई "आमी दवाखान्यात उतरलो" म्हणाल्यावर.

शांताबाईंचा चेहरा मिटला. शेंगांवरचं गोणपाट नीट करत त्या म्हणाल्या, "तुमाले जाऊ देते तिथी. मले नाई जाऊ देत."

त्यांनी दुकान शेजारणीला सांभाळायला दिलं आणि आम्हाला घरी नेलं. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर कच्चं तेल सोडलेला ठेचा. या पट्ट्यात हिवाळ्यात आलात तर सोल्यांची भाजी खाल्ल्याशिवाय जाऊ नका, आणि ती हॉटेलात शोधू नका, कुणाच्या तरी घरी जा. जेवता जेवता त्या सांगत होत्या.

कमलाबाई गेल्या. सरकारी उपकेंद्राची नवी इमारत झाली, दवाखान्याला कुलूप लागलं. जमीन आणि घर कमलाबाईंनी गावाच्या नावे करून ठेवलं होतं, बायकांसाठी वापरावं म्हणून. काही वर्षांनी तालुक्यातल्या एका बड्या माणसाने गावापुढे गोष्ट ठेवली. इमारत पडायला आली आहे, मी दुरुस्त करतो, जतन करतो, मला भाडेपट्ट्याने द्या. सभेत त्याने सांगितलं, एक खोली कमलाबाईंच्या नावाची ठेवू, त्यांची तसबीर लावू. टाळ्या पडल्या. शांताबाईंनी घरातली एकुलती एक तसबीर काढून दिली, सागवानी चौकटीची, त्यांच्या वडिलांनी करवून घेतलेली.

"इंग्रज गेले, मंग पाया खंदला आमच्या बापानं," शांताबाई म्हणाल्या. "आन हे म्हनते इंग्रजानं बांधला. मी पाह्याले गेली तं त्या टोपीवाल्यानं फाटकातून वापस केलं. म्हने, पावन्यायशिवाय कोनाले आत सोडत नाई. मी म्हनलं, काऊन बे? माह्या आत्याचा दवाखाना हाये. तं म्हने मालकाले इचारा. मालक फोन उचलत नाई."

"तसबीर?" आईंनी विचारलं.

"कोनाले मालूम! चार खेपा मारल्या. कधी म्हने गोदामात हाये, कधी म्हने पॉलिशले टाकली."

आईंनी ताटात हात धुतला. मला त्यांची ही एक सवय माहीत आहे. काही ठरलं की त्या नीट, सावकाश हात पुसतात.

"माधवी, आपून पावने हावो ना तिथी?"

"हो."

"मंग आपल्याले भेटाले पावने येऊ शकते?"

मी फोनवर बुकिंग काढून पाहिलं. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी व्हरांड्यापर्यंत परवानगी होती. चहा मागवल्यास जास्तच आनंदाने.

"शांता," आई म्हणाल्या, "आज चार वाजता माह्याकडे चहाले ये. आन कोन कोन बायंत झाल्या तिथी, त्यायलेही आन."

दुपारच्या वेळी मी एकटीच गावाबाहेर चालत गेले. पायथ्यापर्यंत कच्चा रस्ता आहे, कडेने हिवर आणि बाभळी. पुढे जंगलाची हद्द लागते. अभयारण्यात जायचं तर वनखात्याच्या फाटकावर नोंद करून, सोबत माणूस घेऊनच जा. मी आत गेले नाही. सगळं फार सुंदर होतं आणि मला त्यातलं काहीच नीट दिसलं नाही. डोक्यात ती लाल रंगावरची पांढरी रेघ होती.

चार वाजता बायका आल्या. मला वाटलं होतं चारपाच जणी येतील. फाटकाबाहेर गर्दीच झाली. म्हाताऱ्या, मध्यमवयीन, त्यांना धरून आणणाऱ्या त्यांच्या लेकी, ज्या इथेच जन्मल्या होत्या. धुवट नऊवारी, पाचवारी, कुणी केसांत शेवंती माळलेली. दरवानाने हात आडवा केला.

"माह्या पावन्या हायेत," आई म्हणाल्या. "मी भाडं भरलं. चहा सांगतला. सोड."

त्याने आत पाहिलं. समीर व्हरांड्यात उभा होता. त्याच्याकडे नाही म्हणायला नियम नव्हता. क्षणभर घुटमळून त्याने होकाराची मान हलवली.

बायका आत आल्या. एक जण जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात टेकून तशीच खाली बसली. एकीने 'हंटर्स सूट'मध्ये डोकावून चादर पाहिली आणि म्हणाली, "अगंमाय, हे काय करून ठेवलं वो!" कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आजारी माणसाच्या घरी आल्यासारख्या सगळ्या हिंडत होत्या.

शांताबाई मात्र हिंडल्या नाहीत. त्या साहेबाच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं फलक वाचतायत. मग त्यांनी हात वर करून चौकटीचा खालचा कोपरा चाचपला. तिथे लाकडाचा कपचा निघाला होता.

"सुमन," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी साधा. "हे चौकट आमच्या घरची हाये."

शांताबाई समीरकडे वळल्या. "खाली काढ, बाबा."

"मावशी, मालकांना विचारल्याशिवाय..."

"मी इचारून राह्यली तुले. खाली काढ."

समीरने खिशातला फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. खुर्ची ओढली, वर चढला आणि चित्र उतरवून शांताबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते टेबलावर पालथं घातलं. मागचा पुठ्ठा नव्या चुकांनी, बारीक खिळ्यांनी, ठोकला होता. आईंनी चहाच्या ट्रेमधला चमचा घेतला आणि दांडा घालून एकेक चूक उचकटली. पुठ्ठा निघाला, खाली एका जुन्या जाड फोटोची पाठ. शांताबाईंनी तो उचलून उलटा केला. पांढऱ्या साडीतली कमलाबाई, आणि तिच्या पुढ्यात, काचेला चिकटून, छापील साहेब.

त्यांनी तिची तसबीर काढून फेकण्याचेही कष्ट घेतले नव्हते. तिच्या अंगावर साहेब चढवला आणि खिळे ठोकले.

मला कधीही रडायचं असतं तेव्हा मी रडते, पण तेव्हा रडू आलं नाही. मागे एका बाईने तोंडात पदर कोंबला होता. शांताबाईंनी साहेब काढून टाकला, काच पदराने पुसली, आत्याला परत चौकटीत बसवलं आणि नीट पाहिलं. "झाक पडली वो," फोटो फिका पडलेला पाहून एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात पांढरी गाडी आत आली. समीरने नव्हे, दरवानाने फोन केला असावा. मालक, म्हणजे तोच तालुक्यातला बडा माणूस, पन्नाशीचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, हसरा. मी भांडणाच्या तयारीत होते. पण ही माणसं भांडत नाहीत, ती तुमच्या पाया पडतात. तो खरंच शांताबाईंच्या पाया पडला.

"मावशी, तुम्ही आलात, घर पवित्र झालं."

"माह्या आत्यावर साहेब काऊन लावला?" शांताबाईंनी विचारलं.

"अहो, ती कामगारांची चूक. चौकट जुनी होती, शोभेची वाटली त्यांना. कमलाबाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. फलकावर ओळ टाकू. पण मावशी, पर्यटक काय बघायला येतो? बाळंतपण बघायला येतो का? थोडी कथा लागते."

मग माझा आवाज चढला. मी म्हणाले, कथा नाही, तुम्ही चोरी केली आहे. ज्या बायकांनी विटा वाहिल्या त्यांना फाटकाबाहेर ठेवून त्याच विटांचं भाडं खाताय. त्याने माझ्याकडे पाहून दयाळूपणे मान डोलावली. "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. भावना समजतो तुमची."

"ते बाहेरची असंन," आई म्हणाल्या. "मी नाई. माह्या घरच्या इटा हायेत या भितीत. दाखव कोनत्या तुह्या बापाच्या?"

त्याचं हसू एक क्षण गेलं. मग परत आलं. "चला, सगळ्यांचा एक फोटो घेऊ," तो म्हणाला, आणि कुणाला काही समजायच्या आत त्याच्या सोबतच्या माणसाने बायकांच्या घोळक्याचे फोटो काढलेसुद्धा.

शांताबाईंनी तसबीर पदराखाली घेतली. "हे मी नेऊन राह्यली," त्यांनी सांगितलं. विचारलं नाही. त्यांच्या मागे सगळ्या बायका निघाल्या. चहाची किटली टेबलावर तशीच राहिली. कुणी घोटभरही घेतला नाही. आम्ही आमचं सामान भरलं आणि ती रात्र शांताबाईंच्या घरी, सतरंजीवर काढली. सकाळी दारातून पहाड दिसत होता. आई अंघोळीआधी बराच वेळ तिथे बसल्या.

परतीला जळगाव जामोदहून खामगावची बस घेतली. खामगावच्या जुन्या कापूस बाजारातून चक्कर मारली, आईंसाठी तिथे सुती लुगडं मिळालं. खामगाव ते जलंब छोटी फाट्याची रेल्वे आहे, पण वेळ जमत नसेल तर सरळ शेगाव गाठा. तालुक्याच्या गावी साधे, स्वच्छ लॉज आहेत, तिथे राहा. मी 'शिकारबंगल्या'चं नाव इथे देत नाही, कारण मला त्याची एक रात्रही वाढवायची नाही.

नाशिकला आलो त्याच आठवड्यात बंगल्याच्या इंटरनेटवरच्या पानावर तो फोटो झळकला. शेवंती माळलेल्या बायका, मधे हात जोडलेला मालक. खाली, 'परिसरातील माता-भगिनींची आपल्या वारसा वास्तूस भेट, ग्रामीण आदरातिथ्याचा अनुभव.' मी प्रतिक्रियेत सगळं लिहिलं. ती काढून टाकली. पुन्हा लिहिलं, मला बंद केलं. मग शांताबाईंची लेक फोनवर म्हणाली, फलकाला एक ओळ जोडली आहे. 'पुढे काही काळ येथे प्रसूतिगृह होते.' नाव नाही. आणि नव्या चौकटीत नवा साहेब लागला आहे, या वेळी हत्तीवर. गावातल्या बायकांनी भाडेपट्टा रद्द करण्याचा अर्ज दिलाय, प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत तो वाचला जाणार आहे. ज्या सभेत कधी बायका जायच्या नाहीत तिथे या वेळी जाणार आहेत. काय होईल मला माहीत नाही. त्या बड्या माणसाला गावात 'नाही' म्हणायची कुणाला सवय नाही.

काय उरलं, असं प्रवासवर्णनाच्या शेवटी लिहायचं असतं. माझ्याकडे शांतता उरली नाही. आईंकडे काय उरलं ते त्या सांगत नाहीत. कालपर्यंत मला वाटत होतं, या घरात चिडलेली मी एकटीच आहे. दिलीप सगळं ऐकून घ्यायचा आणि "जाऊ दे ना, आपण कुठे तिथे राहतो" म्हणायचा.

काल जेवताना आईंनी त्याला मी काढलेला फोटो दाखवला. एसीने बुजलेली खिडकी, बिबट्याची चादर. "इथी झाला तू," त्या म्हणाल्या. "रडे नाई. कमलाबाईनं उलटा धरला तुले."

दिलीपने घास खाली ठेवला. बराच वेळ फोटो पाहिला. मग माझ्या फोनवरून त्या बंगल्याचा नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि फोन ताटाशेजारी ठेवला. पलीकडून कुणी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, बुकिंगसाठी बोलताय का सर?"

"नाही," दिलीप म्हणाला. "माझा जन्म तुमच्या शिकारबंगल्यात झालाय. मला जन्माला घालणारा तो इंग्रज साहेब कोण होता, त्याचं नाव हवं आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

आईंनी डाव्या हाताने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"पुन्ना लाव," त्या म्हणाल्या.